महाबली हळद्या: मुलांच्या सुपरहीरो-विनोदी प्रयोगाच्या नोंदी

२ मार्च

ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीत मुलांसाठी सुपरहीरोचा विनोदी प्रयोग करायचा. मुलांनी नुसतं बघत बसायचं नाही, मध्ये बोलायचं, ओरडायचं, वर यायचं. माणसं चार: भाचा हीरो, धाकटे दीर राक्षस, लेखन आणि सूत्रधार मी, आणि आवाज-दिवे आमच्या ह्यांच्याकडे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये, चौघांत वाटून.

पहिला प्रश्न शेजारणीने विचारला, "कुठला येणार? कोळ्यावाला का वटवाघळावाला?" कुठलाच नाही. त्यांना मालक आहेत. त्यांचं नाव आणि पोशाख लावून तिकीट विकायचं म्हणजे उद्या नोटीस यायची. शिवाय वाढदिवसांना भाड्याने मिळणारे ते फोमच्या दंडांचे पोशाख आम्ही बघून आलो. एकाचा दंड कोपरापर्यंत घसरला होता.

सांगलीचा हीरो म्हटल्यावर हळद आलीच. नाव हळद्या. हळद्या नावाचा पक्षीही आहे, पिवळाधमक, पंख काळे आणि डोळ्यातून गेलेली काळी पट्टी. त्यामुळे पोशाखाचा प्रश्न बसल्या जागी सुटला. त्याच्या विरोधात सर्दासुर, जो दिसेल त्याला शिंका आणतो. सर्दासुराची आरोळी "अललऽऽडुर्र!" ही आम्ही गावातूनच उचलली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांतले राक्षस असेच ओरडत यायचे, म्हणून पुढे लोक त्यांना चेष्टेने अललडुर्र नाटकं म्हणायला लागले. भाऊजींनी स्वयंपाकघरात एकदा ओरडून दाखवलं. दूध उतू गेलं ते माझं लक्ष उडालं म्हणून, पण श्रेय ते घेतात.

९ मार्च

हीरोला शक्ती कुठून मिळाली ते लिहिलं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, तसल्या एका पेवात लहान मुलगा पडतो आणि महाबली होऊन बाहेर येतो. मला हे फार आवडलं होतं. रात्री आप्पांना (सासरे, उमेदीची सगळी वर्षं मार्केट यार्डात गेली) वाचून दाखवलं. ते हसले नाहीत.

"पेवात आधी कंदील सोडतात. विझला तर माणूस उतरवत नाहीत. आत हवा नसते. आणि तू पोरांना सांगणार, उडी मारा म्हणून?"

चार पानं गेली. आता तो यार्डातल्या हळदीच्या पोत्यावर झोपतो आणि सकाळी पिवळा होऊन उठतो. आधीच्याइतकं भारी नाही. पण मुलं घरी जाऊन जे करून बघतील ते करून चालणारं असलं पाहिजे, ही चाळणी तेव्हापासून प्रत्येक प्रसंगाला लावली. खुर्चीवरून उडी, चादर गळ्याला बांधणं, डोळे मिटून पळणं, सगळं काढलं. पाठीवरची केपसुद्धा गळ्याशी बांधलेली नाही, खांद्याला टाचलेली आहे.

१६ मार्च

पोशाख शिवायला टाकला. टेलरमामांनी लायक्रा शिवायला सपशेल नकार दिला ("ते कापड पळतं"), म्हणून होजिअरी घेतलं. कापड आणि शिलाई मिळून २,८५०. चेन पाठीला. ही चूक आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

मुखवटा कापायला एक संध्याकाळ गेली. पूर्ण चेहरा झाकणारा केला तर भाच्याचा आवाज आतच घुमतो आणि पायाखालचं दिसत नाही. समोर चार वर्षांची पोरं रांगत असताना पायाखालचं न दिसणं म्हणजे घातच. शेवटी डोळ्यांवर फक्त काळी पट्टी. सगळा चेहरा दिसतो. विनोद करणाऱ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, हे आधी सुचायला हवं होतं.

परवानगीचं: तिकीट लावून नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. आमची अडचण अशी की निम्मं नाटक मुलं बोलणार, ते लिहून कसं द्यायचं? जिथे जिथे प्रश्न विचारतो तिथे "मुलं हो म्हणाली तर" आणि "नाही म्हणाली तर" अशा दोन्ही वाटा लिहिल्या. केवळ कागद पुरा करायला म्हणून केलं. पुढच्याच रविवारी त्याचा खरा उपयोग समजला.

२३ मार्च

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पहिली चाचणी. मुलं २३, वय चार ते बारा. सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं या संध्याकाळीतून आलं.

हळद्याचं पहिलं वाक्य: "मुलांनो, हळदीचं दूध कोणाकोणाला आवडतं?" माझ्या कागदावर पुढे होतं, "सर्व मुले: मलाऽऽ!" प्रत्यक्षात एकमुखाने "ईऽऽऽऽ!" आलं. "नाही म्हणाली तर" ही वाट लिहिलेली होती, पण तिथे मी भाच्याच्या तोंडी हळदीचे फायदे घातले होते. दुसऱ्या फायद्याला एका पोराने विचारलं, "तुला आवडतं का?" भाच्याने हो म्हटलं. "मग पिऊन दाखव." दूध कुठे होतं? भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे.

मग तो वळला. पाठची चेन अर्ध्यावर आलेली. "ओ काका, चड्डी दिसायली!" पुढची पाच मिनिटं गेली.

मग "मला मदत कोण करणार?" हे वाक्य. तेवीसच्या तेवीस वर आली. एक जण सायकलसकट.

पण खरा फटका नंतरचा. सर्दासुर डावीकडच्या खांबामागे लपला. हळद्या येऊन विचारतो, "तो कुठे गेला?" सात-आठ वर्षांची एक वेणीवाली, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, म्हणाली, "तिकडं," आणि उजवीकडे बोट दाखवलं. एका क्षणात सगळी पार्किंग "तिकडंऽऽ तिकडंऽऽ!" उजवीकडे. भाचा काय करतो? कागदावर डावीकडे लिहिलंय म्हणून डावीकडे गेला आणि राक्षसाला पकडलं.

कुणी हसलं नाही. ओरडलंही नाही. वेणीवालीने बोट खाली घेतलं. पुढे अर्धा तास आम्ही काही विचारलं तर दोन-तीनच आवाज यायचे, तेही लहानग्यांचे. ४५ मिनिटांचा खेळ ८० मिनिटांपर्यंत गेला, आणि शेवटाला पोचायच्या आत वरून "जेवायला चलाऽ" सुरू झालं.

२४ मार्च

रात्री साडेअकरापर्यंत जिन्यात बसून भांडलो. ह्यांचं म्हणणं, प्रश्न कमी करा. भाऊजींचं म्हणणं, मुलं आगाऊ होती. मला दोन्ही पटलं नाही. आम्ही प्रश्न विचारत होतो पण उत्तर आधीच ठरवून बसलो होतो, आणि ते त्यांना एका मिनिटात कळलं. भाव्यांच्या नटांना भाषणं लिहून दिलेली नसत. सूत्रधार पदं म्हणे, नट मनचं बोलत. आणि आम्ही तर मुलांचीसुद्धा वाक्यं लिहून ठेवली होती.

बदल असे:

दूध. हळद्याला स्वतःलाच हळदीचं दूध आवडत नाही. हे त्याचं गुपित. मुलं "ईऽऽ" म्हणाली की तो इकडेतिकडे बघून हळूच "ईऽऽ" म्हणतो. "आवडतं" म्हणाली तर तो आपलं दूध त्यांना द्यायला धावतो. दोन्हीकडून चालतं.

दिशा. मुलं दाखवतील तिकडे जायचं. खोटं दाखवलं तर जास्तच विश्वासाने जायचं. उजवीकडे पडदा लावला. हळद्या त्यात शिरतो, गुंडाळला जातो, बाहेर येऊन म्हणतो, "नाही रे, इथं नाही. नीट बघून सांगा." पुन्हा तीच दिशा. पुन्हा पडदा. किती वेळा ते मुलांवर.

वर येणं. "हात वर करा" उपयोगाचं नाही, उभं राहून हात करतात, मग चालायला लागतात. हळद्याच्या डोळ्यांना शाप आहे: उभं असलेलं मूल त्याला दिसतच नाही. कुणी उभं राहिलं की तो त्याच्याच समोर जाऊन "अरे, इथला मुलगा कुठं गेला?" म्हणून शोधतो. पोर हसत खाली बसतं. सहा शब्दांचा नियम सांगण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

शांतता. "शांत बसा" हे शब्द आमच्यात बंद. सर्दासुर नाक वर करतो, "आ… आ… आ…" म्हणतो, आणि मी सांगते, "शिंक दाबा!" सगळ्यांनी दोन्ही हात नाकातोंडावर. पाच-सहा सेकंद पुरी शांतता मिळते. त्या पाच सेकंदांत पुढचं महत्त्वाचं वाक्य बोलून घ्यायचं. प्रयोगात तीन वेळा चालतं, चौथ्यांदा मुद्दाम शिंकतात.

६ एप्रिल

हळद वाया, १,८०० रुपये वाया, आणि चूक माझी.

शेवटी हळद्या राक्षसावर हळद उधळतो, जेजुरीला भंडारा उधळतात तशी, असं मनात होतं. एका शाळेचं सभागृह तालमीला मिळालं होतं. दोन किलो हळद परातीत. पंखे बंद करायचे राहिले. भाच्याने पहिली ओंजळ टाकली आणि ती राक्षसाकडे न जाता उलटी त्याच्याच डोळ्यांत. तो "आई गं" करत बसला तर परात कलंडली. डोळे धुवायला वीस मिनिटं लागली. डोळ्यांना काही झालं नाही हे नशीब, समोर मुलं असती तर?

पुढे साबणाच्या पाण्याने भिंत पुसायला घेतली, तर पिवळे डाग लालसर झाले. हळदीला साबण, सोडा, चुना असलं काही लागलं की ती लाल होते, कुंकू करतात ते त्यावरच. घरात वर्षानुवर्षं हळदीचे डाग धुतलेत मी, पण त्या घाईत आठवलं नाही. भिंत रंगवून देण्यात १,८०० गेले. कोरडी पुसली असती तर निम्मं निघालं असतं.

हळदीऐवजी आता कापड. पिवळ्या अस्तराचं २२ मीटर (६५ रुपये मीटर, १,४३०), दोन पट्टे जोडून शिवायचे ३००. शेवटी ते मागून पुढे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून ओढत आणायचं. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी खाली मुलांत बसले होते. कापड डोक्यावर आलं आणि वरचा बल्ब त्यातून असा काही दिसला की सगळ्यांची तोंडं, हात, माझी पांढरी ओढणीसुद्धा पिवळी झाली. शेजारच्या पोराने आपले तळवे उलटसुलट करून बघितले. कापड पुढे गेलं, तळवे परत होते तसे. "परत करा," म्हणाला.

धुराचं यंत्र नको म्हटलं. बंद हॉल आणि दमेकरी मुलं असणारच.

२० एप्रिल

सर्दासुराची एंट्री प्रेक्षकांच्या मागून, अंधारातून होती. अंगणात दहा-बारा मुलांसमोर करून पाहिली. चार रडली. एक इतकं घाबरलं की त्याची आई त्याला घेऊन गेली ते आली नाही. भाऊजींचा चेहरा पडला. कोकणात शिमग्याला संकासुर पोरांच्या मागे धावतो, ते किंचाळतात आणि परत त्याच्याच मागे जातात, हे मी लहानपणी मावशीकडे पाहिलेलं. पण तिथे पोरांना माहीत असतं की आत आपल्याच वाडीतला कोणी आहे. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं.

आता भाऊजी साध्या शर्टात पिशवी घेऊन रंगमंचावर येतात. मुलांसमोरच शिंगं, जटा, नाकाचा लाल चेंडू चढवतात. "शिंग सरळ आहे का?" "डावं खाली!" "आता?" "आता उजवं!" सगळं चढवून झाल्यावर विचारतात, "आता ओरडू? किती मोठ्यानं? एवढ्या, का एवढ्या?" मुलं ठरवतात तेवढ्याच मोठ्याने पहिलं अललडुर्र. नंतर एकही रडलं नाही. जटा लोकरीच्या, कापडासकट १,६०० रुपये. घामाने भिजल्या की शेळीसारखा वास येतो.

१ मे, पहिला प्रयोग

हॉल तीनशे खुर्च्यांचा, तिकीट ८० रुपये, विकली १३१. प्रमाणपत्र वेळेत आलं होतं. सकाळी साडेदहाची वेळ ठेवली, दुपारी सांगलीत मे महिन्यात कुणी बाहेर पडत नाही.

पुढच्या तीन रांगांच्या खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या, हे चांगलं केलं. खुर्चीतलं पोर एकटं असतं, सतरंजीवरचं टोळीत असतं.

पडद्याचा गोंधळ सात वेळा झाला. कागदावर तीन होते. सातव्यांदा हळद्या पडद्यात शिरला तो बाहेरच आला नाही, आतूनच म्हणाला, "मी इथंच राहतो आता." आयांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हशा. ते वाक्य भाच्याला तिथेच सुचलं. मी फक्त वहीत लिहून घेतलं.

कॉलर माईकने दगा दिला. केप घासली की खरखर. अर्ध्यातून काढून टाकला, भाचा घसा ताणून बोलला, आणि शेवटी त्याचा आवाज गेला. भाऊजींना माईक लागलाच नाही.

मोठी मुलं, दहाच्या पुढची, मागे उभी राहून "हे फेक आहे, आतून दिसतंय" करत होती. खरंच आतून दिसत होतं.

आता जे चुकलं ते. सर्दासुर एका बाबांना वर आणतो आणि त्यांना शिंकांचा नाच करायला लावतो. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मी निवडले. हसत आले. माईकपासून तोंड वळवून हळूच म्हणाले, "ताई, नको ना." मी ऐकलं. आणि तरी नाच करायला लावला, कारण हॉल हसत होता आणि पुढचं काही तयार नव्हतं. चार मिनिटं. शेवटी त्यांची मुलगी उठून वर आली, बाबांचा हात धरला आणि त्यांना खाली घेऊन गेली. लोकांना वाटलं तेही नाटकातलंच. टाळ्या पडल्या.

संपल्यावर दारात मी माफी मागितली. ते "नाही नाही, ठीक आहे" म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती.

आणखी एक. प्रेक्षकांत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, खेळ छान, पण हळदीने सर्दी पळते असं एवढ्या ठासून सांगू नका, उद्या ताप अंगावर काढतील. बरोबर आहे.

२ मे, हिशेब

प्रयोगाआधी: हळद्याचा पोशाख २,८५०, राक्षस १,६००, कापड शिलाईसकट १,७३०, भिंत १,८००, छपाई ९००. एकूण ८,८८०. प्रयोगाच्या दिवशी हॉल ४,५००, आवाज २,२००. सगळे मिळून १५,५८०, जमा १०,४८०. तोटा ५,१००. चहा, पेट्रोल आणि भाच्याच्या घशाच्या गोळ्या धरलेल्या नाहीत.

१८ मे, दुसरा प्रयोग

तिकिटं १६४.

तिकिटाच्या टेबलावरच मोठ्यांना विचारलं, "वर यायला आवडेल का?" हो म्हणाले त्यांच्या मनगटाला पिवळा दोरा. दोरा नसलेल्याला हातही लावायचा नाही. मला वाटलं होतं कुणी घेणार नाही. १९ जणांनी घेतला, त्यात दोन आज्या. त्यांतल्या एकीने शिंकांचा नाच असा केला की भाऊजी बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मोठ्या मुलांना आधीच बोलावून सांगितलं, हे सगळं खोटं आहे आणि ते चालवायला आम्हाला आठ माणसं हवीत. कापडाच्या कडा त्यांच्याकडे दिल्या. एकानेही "फेक" म्हटलं नाही. उलट लहान पोरांनी कापड खाली ओढलं तेव्हा एक बारा वर्षांचा त्यांच्यावर खेकसला, "ए, प्रयोग चाललाय!"

माईक केपपासून दूर, कानावर अडकवायचा घेतला, त्याच भाड्यात मिळाला. आवाज राहिला.

नवीन अडचण मात्र आली. शिंगं लावून देण्यापासून मुलं सर्दासुराच्या बाजूची होतात. हळद्या त्याला हाकलायला लागला तर "नकोऽऽ!" पहिल्या प्रयोगातही हे झालं होतं, आम्ही दामटलं होतं. या वेळी विचारलंच, "मग काय करू याचं?" उत्तरं: जेलमध्ये टाका, अंघोळ घाला, आणि एक बारीक आवाज, "त्याला रुमाल द्या की." भाच्याने खिशातून स्वतःचा रुमाल काढून दिला. भाऊजींनी रुमालात नाक शिंकरलं, माईकमध्ये, जवळजवळ दहा सेकंद. तोच शेवट ठेवलाय. डॉक्टरीणबाईंचं काम आपोआप झालं. हळदीचं दूध दोघं मिळून पितात, दोघांना आवडत नाही.

वेळ ६२ मिनिटं. जमा १३,१२०, खर्च ६,७००. मागचा तोटा वजा जाता १,३२० उरले, माणशी ३३०.

२५ मे

कापडाला तीन भोकं, लहान मुलांनी बोटं घातलेली. रफू करत नाही, त्यातून प्रकाशाचे ठिपके पडतात ते बरे दिसतात. कड तेवढी दुमडून घेतली.

जटा शांपूने धुतल्या, लोकर आकसली, शिंगांच्या खाली आता टक्कल दिसतं. नवीन कराव्या लागतील, ४०० तरी जातील.

चेन काढून टेलरमामांकडून वेल्क्रो लावून घेतलं. बसतं चांगलं. फक्त भाचा खाली वाकला की पाठीत चर्रर्र वाजतं, आणि नव्या माईकमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं.